एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेज-पातळीचे कोर्स) नेमके किती घ्यायचे? दहावीचं कोर्स सिलेक्शन शीट पुढच्या शुक्रवारी द्यायचंय

चिंचगूळ
शाळा न्यू जर्सीतली, पब्लिक. दिवसाला आठ पिरियड. त्यात एक लंच आणि एक पीई-हेल्थ, म्हणजे हातात सहा. शाळेत २२ एपी आहेत. मुलगी नववीत, सध्या अल्जिब्रा २ ऑनर्स (साध्या कोर्सच्या वरची, एपीच्या खालची पातळी), बायॉलॉजी ऑनर्स, स्पॅनिश २. कल इंजिनिअरिंगकडे, पण पक्कं काही नाही. कॉलेजच्या यादीत रटगर्स, पर्ड्यू, मिशिगन आणि जमलंच तर एखादं आयव्ही लीगमधलं.

कच्चा आराखडा असा:
दहावी : एपी सायकॉलॉजी, एपी एन्व्हायर्न्मेंटल, एपी कम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स
अकरावी : एपी यूएस हिस्टरी, एपी लँग्वेज, कॅलक्युलस एबी, एपी केमिस्ट्री, फिजिक्स १
बारावी : एपी लिटरेचर, कॅलक्युलस बीसी, फिजिक्स सी, एपी बायॉलॉजी, कम्प्युटर सायन्स ए

एकूण १३. जागा व्हावी म्हणून स्पॅनिश नववीनंतर सोडायचं आणि साधी केमिस्ट्री गाळून थेट एपी केमिस्ट्री घ्यायची, असा विचार आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकजण म्हणतो दहाच्या खाली अर्ज कुणी वाचतही नाही, दुसरा म्हणतो पाच पुरे. हा आकडा काढायचा तरी कुठून?

पाटीपुस्तक
आकडा तुमच्या शाळेतच आहे. ग्रुपवर शोधू नका.

अर्जाबरोबर काउन्सेलर दोन गोष्टी पाठवतो. एक स्कूल प्रोफाइल : शाळेत किती एपी आहेत, कोणत्या इयत्तेपासून घेता येतात, वर्षाला कमाल मर्यादा आहे का, ग्रेडना वजन कसं देतात. दुसरा काउन्सेलरचा रिपोर्ट. त्यात विचारलेलं असतं की कॉलेजला जाणाऱ्या शाळेतल्या इतर मुलांच्या मानाने या विद्यार्थ्याची विषयनिवड किती अवघड आहे. पर्याय पाच, सगळ्यात वरचा 'मोस्ट डिमांडिंग'. अर्ज वाचणारा माणूस २२ एपीच्या शाळेतले ८ आणि ५ एपीच्या शाळेतले ५ एका तराजूत घालत नाही.

तेव्हा काउन्सेलरला एकच प्रश्न विचारा : "आपल्या शाळेत त्या वरच्या चौकटीत खूण व्हायला काय लागतं?" काही शाळांत ठरलेला आकडा असतो, काही शाळांत 'पाचही मुख्य विषयांत उपलब्ध असलेली सर्वात वरची पातळी' असा निकष असतो. जे उत्तर येईल तो तुमचा आकडा. त्याच्या वर जाऊन प्रवेशासाठी फार काही हाती लागत नाही.

आणि एपी हा एकमेव शिक्का नाही. २०१८ मध्ये वॉशिंग्टन डीसी भागातल्या आठ नावाजलेल्या खासगी शाळांनी २०२२ पर्यंत एपी बंद करू असं जाहीर केलं. कॉलेजं त्यांचीही मुलं घेतातच, कारण तिथले वरच्या पातळीचे कोर्स प्रोफाइलमध्ये वाचता येतात.

बेरीजवजाबाकी
वेटेड जीपीए (अवघड कोर्सना जास्त वजन देऊन काढलेली ग्रेडची सरासरी) वाढतो म्हणून भारंभार एपी घेणाऱ्यांसाठी एक हिशोब. नेहमीची पद्धत धरू : साध्या कोर्सात ए म्हणजे ४, एपीत ए म्हणजे ५, एपीत बी म्हणजे ४.

पहिला विद्यार्थी : सहा विषय, तीन एपी, सगळीकडे ए. अनवेटेड ४.०, वेटेड २७ भागिले ६ = ४.५.
दुसरा : सहा विषय, पाच एपी. त्यातल्या दोन एपीत बी, बाकी ए. अनवेटेड २२ भागिले ६ = ३.६७, वेटेड पुन्हा २७ भागिले ६ = ४.५.
तिसरा : पाच एपी, तीन बी. अनवेटेड ३.५, वेटेड २६ भागिले ६ = ४.३३.

दोन जास्तीचे एपी घेऊन दोन बी आले की वेटेडमध्ये फक्त बरोबरी, अनवेटेडमध्ये तिसऱ्या भागाएवढा खड्डा. तिसरा बी आला की दोन्हीकडे तोटा. शिवाय पुष्कळ कॉलेजं शाळेचा वेटेड आकडा बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात. काही फक्त मुख्य विषय धरतात, प्लस-मायनस काढून टाकतात. त्यामुळे ४.५ की ४.६ यावर झोप घालवू नका, ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) अक्षरं कोणती आहेत ते बघा.

रविवारची_भजी
मग एपीत बी बरा की साध्या कोर्सात ए? :)

बेरीजवजाबाकी
एपीत ए. :) कॉलेजवालेही हेच सांगतात, आणि त्यांना ते सांगायला काही खर्च येत नाही.

खरं उत्तर विषयावर आहे. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅलक्युलसमधला एक बी चालून जातो, पण कॅलक्युलस न घेणं चालत नाही. उलट इतिहासात मन लागत नसेल तर एपीत सी ओढून आणण्यापेक्षा ऑनर्समध्ये ए घ्यावा.

फ्रीमाँटचा_फाटा
कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी, कारण यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं) गणित वेगळं आहे आणि तिथे खरोखरच कमाल मर्यादा आहे.

यूसी जीपीए मोजताना फक्त दहावी-अकरावीचे ए-जी (यूसीने ठरवलेल्या विषयगटांतले) कोर्स धरतात (नववीनंतरच्या आणि अकरावीनंतरच्या उन्हाळ्यातले धरून). नववीच्या ग्रेड आकड्यात येत नाहीत, पण कोर्स पास झालेला लागतो. ऑनर्सचा जास्तीचा गुण कमाल ८ सेमिस्टरना, त्यातही दहावीतल्या जास्तीत जास्त ४ सेमिस्टरना. म्हणजे वर्षभराचे चार कोर्स झाले की टोपली भरली. दोन वर्षांत ए-जीच्या २४ सेमिस्टर ग्रेड, सगळ्या ए : ९६ अधिक ८, भागिले २४ = ४.३३. पाचवा, सहावा, सातवा एपी घेतला तरी हा आकडा तसूभर हलत नाही.

मात्र 'चारच घ्या' असा याचा अर्थ काढू नका. जीपीएच्या शेजारी ऑनर्स-एपी कोर्स किती आणि त्यात ग्रेड काय हेही वाचतात, बारावीला काय चालू आहे तेही बघतात. आणि यूसी एसएटी बघतच नाही, त्यामुळे कोर्स आणि ग्रेडवर भार जास्त.

चिंचगूळ, तुम्ही यूसीला अर्ज केलात तर एक लक्षात ठेवा : कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळेचे नुसते 'ऑनर्स' त्या जास्तीच्या गुणाला धरत नाहीत, एपी आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) धरतात.

ह्यूस्टनवारी
टेक्सासमध्ये वरचं सगळं थोडं उलटं करून वाचा. तिथे सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो तो वर्गातल्या क्रमांकावर. कायदा १९९७ चा, वरच्या १० टक्क्यांसाठी. यूटी ऑस्टिनसाठी हा आकडा ६ होता, २०२६ च्या फॉलपासून ५ टक्के केलाय. क्रमांक लागतो शालेय डिस्ट्रिक्टच्या वेटेड जीपीएवर. मोठ्या शाळेत दशांशाच्या तिसऱ्या स्थळावर मुलं वरखाली होतात, म्हणून तिथे मुलं एपीमागे एपी लावतात. बँड किंवा ऑर्केस्ट्रासारखा वजन नसलेला विषय घेतला की ए मिळूनही सरासरी खाली येते. काही डिस्ट्रिक्ट ठरावीक विषयच क्रमांकाला धरतात. तो नियम डिस्ट्रिक्टच्या पुस्तिकेतून आठवीतच वाचून ठेवावा, अकरावीत वाचून उपयोग नाही.

आपोआप प्रवेश म्हणजे विद्यापीठात प्रवेश. कम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगची जागा त्यात धरलेली नसते.

पाटीपुस्तक
चिंचगूळ, आता तुमच्या आराखड्याकडे. आकड्यापेक्षा त्यातल्या दोन भोकांची मला जास्त काळजी वाटते.

पहिलं, स्पॅनिश. प्रवेशाला चुरस असलेल्या कॉलेजांना इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि परकी भाषा हे पाच खांब चारही वर्षं उभे दिसायला हवे असतात. भाषेची किमान अट बरीच कॉलेजं दोन किंवा तीन वर्षांची ठेवतात, पण किमान अटीवर प्रवेश मिळत नाही. स्पॅनिश ३ सोडून एपी सायकॉलॉजी घेतली की एपीची संख्या एकाने वाढते आणि ट्रान्सक्रिप्ट हलकं होतं. सायकॉलॉजी, एन्व्हायर्न्मेंटल आणि प्रिन्सिपल्स या तिन्ही मिळून 'सोपे एपी गोळा केलेत' हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. एखादा असेल तर काहीच बिघडत नाही. तीनही दहावीतच आणि तेही केमिस्ट्रीच्या जागी, हे नको.

दुसरं, केमिस्ट्री. एपी केमिस्ट्री हा दुसऱ्या वर्षाचा कोर्स आहे. मोल, स्टॉइकिओमेट्री, समीकरणं जुळवणं, वायूंचे नियम हे आधीच येतंय असं धरून तो सुरू होतो. पहिल्या काही आठवड्यांत मागची उजळणी उरकून वर्ग गतिकी, समतोल, आम्ल-आम्लारीकडे सरकतो. पाया नसलेलं मूल साधारण ऑक्टोबरात अडकतं, आणि तेव्हा साध्या केमिस्ट्रीत परत जायला जागा नसते.

आलेख_कागद
गणिताबद्दल. एबी मग बीसी असं दोन वर्षं करण्याची गरज आहे का ते बघा. अभ्यासक्रमात एबीची ८ युनिटं, बीसीची १०. नववं युनिट पॅरामेट्रिक, पोलर, व्हेक्टर. दहावं अनंत श्रेणी. सहा ते आठमध्ये बीसीसाठी थोडी भर : इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, लॉजिस्टिक मॉडेल वगैरे. म्हणजे एबीनंतर बीसी घेणारं मूल निम्म्याहून जास्त वर्ष तेच पुन्हा करतं. बीसीच्या निकालात एबीचा वेगळा उपगुणही मिळतो.

प्रीकॅल्क (कॅलक्युलसच्या आधीचा कोर्स) ऑनर्समध्ये ए असेल आणि शाळा परवानगी देत असेल तर अकरावीत थेट बीसी, बारावीत स्टॅटिस्टिक्स किंवा शाळेत असेल तर मल्टिव्हेरिएबल कॅलक्युलस. प्रीकॅल्कमध्ये ट्रिगच्या आयडेंटिटीज आणि लॉगॅरिदम कच्चे राहिले असतील तर एबीच घ्या. बीसीत मुलं कॅलक्युलसमुळे कमी आणि बीजगणितातल्या चुकांमुळे जास्त पडतात. परीक्षेच्या ४५ बहुपर्यायी प्रश्नांतले पहिले ३० कॅलक्युलेटरशिवाय ६० मिनिटांत सोडवायचे असतात. प्रश्नाला दोन मिनिटं. तिथे अपूर्णांकांशी झटापट करायला वेळ नसतो.

फिजिक्स सी म्हणजे दोन परीक्षा, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम. गुणही दोन आणि फीही दोन. त्याला कॅलक्युलस आधी झालेला किंवा निदान बरोबर चालू असलेला लागतो. फिजिक्स १ मध्ये कॅलक्युलस नाही, पण म्हणून ते सोपं समजू नका. शब्दांत कारण लिहून द्यावं लागतं, नुसतं सूत्रात आकडे घालून भागत नाही.

साडेसहाचा_गजर
आता वेळेचं बघू, कारण घोडं अडतं ते तिथे. कागदावर आठवड्याचे १६८ तास लिहा. झोप रोज ८ तास : ५६. शाळा आणि येणं-जाणं, दिवसाला ८ : ४०. जेवण, अंघोळ, घरची कामं रोज ३ : २१. उरले ५१. एखादा खेळ किंवा वाद्य गंभीरपणे चालू असेल तर १२ ते १५ तिथेच जातात. क्लब, सेवाकार्य, आठवड्याची एक मोकळी संध्याकाळ : ८. हातात राहिले २८ ते ३१.

जड एपी (यूएस हिस्टरी, केमिस्ट्री, बायॉलॉजी, बीसी, फिजिक्स सी) आठवड्याला ५ ते ७ तास धरा, हलका एपी ३, ऑनर्स ३ ते ४. अकरावीत चार जड एपी आणि दोन ऑनर्स म्हणजे २६ ते ३६. चौथ्या एपीलाच काठोकाठ. पाचवा आला की तो झोपेतून कापला जातो, दुसरी जागाच नाही.

यूएस हिस्टरीचंच बघा. परीक्षा ३ तास १५ मिनिटं : ५५ बहुपर्यायी प्रश्न ५५ मिनिटांत, तीन लघूत्तरं ४० मिनिटांत, मग डीबीक्यू (कागदपत्रांवर आधारित प्रश्न) आणि एक मोठा निबंध. डीबीक्यूत सात कागदपत्रं वाचून ६० मिनिटांत युक्तिवाद मांडायचा, एकूण गुणांच्या २५ टक्के तेवढ्यालाच. हे हात बसण्याचं काम आहे. वर्षभर दोन-तीन आठवड्यांनी एक लिहावा लागतो. पाठांतर करून एप्रिलमध्ये उरकू म्हणणाऱ्यांना बहुपर्यायी जमतं आणि डीबीक्यूत हात रिकामे राहतात.

मे महिनाही आधीच बघून ठेवा. सगळ्या परीक्षा दोन आठवड्यांत, सकाळ-दुपार दोन सत्रांत. पाच विषय असतील तर कधीकधी दोन एकाच दिवशी येतात. एकाच सत्रात दोन आल्या तर एक लेट टेस्टिंगला (नंतरच्या राखीव तारखांना) ढकलता येते, पण सकाळी केमिस्ट्री आणि दुपारी दुसरी ही 'अडचण' धरली जात नाही.

ओट्यावरची_वही
एक मुद्दा राहून जातोय. अकरावीपर्यंतच्या ग्रेड आणि अकरावीपर्यंतचे एपी गुण एवढंच अर्जात जातं. बारावीचे एपी अर्जाच्या वेळी फक्त नावं असतात, आणि नंतर मिडइयर रिपोर्टमधून पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड जातात. बारावीच्या मे परीक्षेचा निकाल जुलैमध्ये येतो, तेव्हा प्रवेश कधीच झालेला असतो. तो निकाल फक्त क्रेडिटसाठी, म्हणजे कॉलेजातल्या कोर्सची सूट मिळण्यासाठी. म्हणून बारावीत मुख्य विषय अवघड ठेवायचे, पण परीक्षा देणं कॉलेज ठरल्यावर ठरवता येतं. त्यासाठी आधी शाळेचा नियम बघा. काही शाळा परीक्षा दिली नाही तर वजन काढून घेतात.

पैशाचं : अमेरिकेत परीक्षेला साधारण १०० डॉलर. वर्षभराच्या कोर्सची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, शाळेची आतली तारीख बहुधा त्याआधीची. उशीर झाला किंवा नोंदवून परीक्षा दिली नाही तर ४० डॉलरचा भुर्दंड. २० जूनच्या आत एका कॉलेजला निकाल फुकट पाठवता येतो, मागाहून पैसे पडतात.

क्रेडिटच्या आशेवर आकडा वाढवायचा असेल तर त्या त्या कॉलेजचा तक्ता उघडा. डार्टमथ आणि कॅलटेक एपीला पदवीचं क्रेडिट देत नाहीत. एमआयटी कॅलक्युलस बीसीत ५ पैकी ५ असेल तर १८.०१ चं (त्यांच्या पहिल्या कॅलक्युलस कोर्सचं) क्रेडिट देते. यूसी ३ किंवा वर गुण असले की युनिटं देते, पण ती तुमच्या मेजरच्या (पदवीच्या मुख्य विषयाच्या) कोर्सऐवजी चालतील की नाही हे विभाग ठरवतो. सरकारी विद्यापीठांत पाच-सहा एपीत एखादं सेमिस्टर वाचू शकतं. आयव्हीत ती अपेक्षा ठेवू नका.

डॉक्टरीण_बाई
बीएस-एमडी (पदवी आणि मेडिकलचा जोड प्रवेश) किंवा पुढे मेडिकल डोक्यात असलेल्यांनी ड्युअल एनरोलमेंटबद्दल, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स घेण्याबद्दल, सावध राहा. एपीतला बी शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर राहतो. कम्युनिटी कॉलेजात शाळकरी वयात घेतलेल्या कोर्सची ग्रेड ही कॉलेजची ग्रेड असते. मेडिकलच्या अर्जात, म्हणजे एएमकासमध्ये, ती दाखवावीच लागते आणि जीपीएत मोजली जाते. पंधराव्या वर्षी घेतलेला सी बाविसाव्या वर्षी समोर येतो.

सदाशिव_पेठ_३०
पुण्यात बारावी सायन्स (सीबीएसई) चालू आहे आणि अमेरिकेला अर्ज करायचाय. एपी द्यावेच लागतात का?

ओट्यावरची_वही
नाही. तुमच्या शाळेत एपी नसेल तर न घेतल्याचा दोष कुणी देत नाही. बोर्डाचे गुण आणि शाळेतल्या नववी ते बारावीच्या गुणपत्रिका हेच मुख्य. द्यायचेच तर मेजरशी जुळणारे दोन किंवा तीन, अकरावीच्या मेमध्ये, म्हणजे गुण अर्जात दाखवता येतील. बाहेरच्या मुलांना बसू देणारी केंद्रं मोजकी असतात, जागा लवकर भरतात, फी अमेरिकेपेक्षा जास्त. बारावीच्या मेमध्ये देऊ नका. प्रवेशाला उपयोग नाही आणि एमएचटी-सीईटीही देणार असाल तर एप्रिल-मेमध्ये दोन्हींची गर्दी होते.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार. काउन्सेलरला विचारलं. उत्तर आलं : ठरलेला आकडा नाही, पाच मुख्य विषयांपैकी निदान चारांत बारावीपर्यंत एपी पातळी आणि अकरावीत कमीत कमी तीन. नवा आराखडा :

दहावी : इंग्लिश ऑनर्स, यूएस हिस्टरी १ ऑनर्स, प्रीकॅल्क ऑनर्स, केमिस्ट्री ऑनर्स, स्पॅनिश ३, एपी कम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स
अकरावी : एपी लँग्वेज, एपी यूएस हिस्टरी, बीसी, फिजिक्स १, स्पॅनिश ४, ऑर्केस्ट्रा
बारावी : एपी लिटरेचर, एपी स्पॅनिश, एपी स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स सी, कम्प्युटर सायन्स ए, एक जागा मोकळी

एकूण १ + ४ + ५ = १०. १३ वरून आलो. अजून कापू का?

साडेसहाचा_गजर
दहावी उत्तम. अकरावीत ऑर्केस्ट्रा ठेवलंत हे फार बरं केलंत, गृहपाठ नसलेला तेवढा एकच पिरियड आहे. बारावीचे पाच कागदावर जड दिसतात, पण स्टॅटिस्टिक्स आणि कम्प्युटर सायन्स ए मिळून साधारण एका केमिस्ट्रीएवढेच होतात. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्जाचे निबंधही लिहायचे असतात. तो एक जास्तीचा विषयच समजा.

पाटीपुस्तक
बारावीच्या मोकळ्या जागेत न्यू जर्सीची फायनान्शिअल लिटरसीची (आर्थिक साक्षरतेच्या कोर्सची) अट बसवा, ती आधी झाली नसेल तर. आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठाने आपल्याच विद्यार्थ्यांचे निकाल तपासले होते तेव्हा साधारण पाच कॉलेज-पातळीच्या कोर्सपर्यंत पहिल्या वर्षाच्या ग्रेड सुधारताना दिसल्या, पुढे वाढ जवळपास थांबली. त्यामुळे दहाचे नऊ झाले तरी काही बिघडणार नाही. बारावी सुरू झाल्यावर मात्र कॉलेजला न कळवता एपी सोडू नका. अर्जात लिहिलेला कोर्स मिडइयर रिपोर्टात दिसला नाही की विचारणा होते.

आलेख_कागद
शीटच्या मागच्या बाजूला पर्यायी विषयांच्या दोन-तीन ओळी असतात, त्या रिकाम्या ठेवू नका. वेळापत्रक बनवताना बीसी आणि ऑर्केस्ट्रा एकाच पिरियडला आले (शाळेत दोन्हींचा बहुधा एकेकच वर्ग असतो), तर सॉफ्टवेअर पर्यायातला पहिला विषय उचलतं आणि पर्याय नसेल तर जिथे जागा असेल तिथे टाकून देतं. ऑगस्टमध्ये बदल मागणाऱ्यांची रांग मोठी असते. पहिल्या पर्यायात एबी लिहा, आणि ऑर्केस्ट्राला पर्याय म्हणून कम्प्युटर सायन्स ए.

चिंचगूळ
मागची बाजू बघितलीच नव्हती. भरते आजच.